मुंबई पॉइंटवरचा सूर्यास्त: या चुका टाळा

महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या मुंबई पॉइंटवर, ज्याला जुनी मंडळी अजूनही बॉम्बे पॉइंटच म्हणतात, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाऊल ठेवायला जागा नसते. एवढी यातायात करून परतल्यावर अनेकांच्या मोबाइलमध्ये उरतो तो एक पांढरट ठिपका आणि त्याखाली काळाकुट्ट डोंगर. दोष सहसा कॅमेऱ्याचा नसतो. सूर्य टेकला की सूर्यास्त संपला, या समजुतीने सगळी संध्याकाळ आखली जाते आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातून होतात.

वेळ मोबाइलवरून, दिशा अंदाजाने

येथील सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास होतो, २६ जानेवारीच्या आसपास तो जवळजवळ साडेसहापर्यंत पुढे सरकलेला असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासात वाजतात. मागच्या सहलीची वेळ लक्षात ठेवून निघणे म्हणूनच अंगलट येते. त्यातच शनिवार-रविवारी पॉइंटच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते, त्यामुळे किमान सव्वा तास आधी पोहोचणे शहाणपणाचे.

दिशेकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य जूनमध्ये पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला मावळतो, म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा सुमारे ५० अंशांनी सरकते. पॉइंटवर उभे राहिल्यावर प्रतापगड उजवीकडे दिसतो. डिसेंबरात सूर्य गडाच्या बऱ्याच डावीकडे उतरतो आणि मे महिन्यात तो गडाकडे सरकलेला असतो. गडाच्या माथ्यावर सूर्य टेकल्याचे छायाचित्र नाताळच्या सुट्टीत मिळावे, अशी अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची निराशा ठरलेली. केट्स पॉइंटसारख्या, कृष्णेच्या खोऱ्याकडे म्हणजे पूर्वेला तोंड असलेल्या जागी सूर्यास्तासाठी जाणे ही त्याहून मोठी चूक. तेथे संध्याकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोर धोम धरणाच्या पाण्यावर डोंगरांच्या सावल्या पसरलेल्या दिसतात. ते दृश्यही सुंदर असते, पण तो सूर्यास्त नव्हे.

सूर्य बुडायला किती वेळ आहे हे मोजण्याची सोपी युक्ती आहे. हात पुढे ताणून धरलेली मूठ आकाशाचा सुमारे १० अंशांचा भाग झाकते आणि आपल्याकडे सूर्य संध्याकाळी तासाला १३ ते १४ अंश खाली उतरतो. त्यामुळे क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये एक मूठ मावत असेल, तर हाताशी साधारण पाऊण तास आहे. आडव्या धरलेल्या एका बोटाला १५ मिनिटे हा ठोकताळा थंड प्रदेशांतील तिरक्या सूर्यासाठी ठीक असेल. येथे सूर्य बराच सरळ उतरतो आणि त्या हिशेबावर विसंबणारा फसतो.

सूर्य लहान आणि पांढरा येतो

सूर्याचे बिंब आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापते, तर मोबाइलची नेहमीची लेन्स आडव्या चौकटीत सुमारे ७० अंशांचे दृश्य टिपते. साहजिकच बिंब चौकटीच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाएवढेच येते. बोटांनी पडदा ताणून केलेला डिजिटल झूम त्यात भर घालत नाही, फक्त तपशील फाडतो. बिंब मोठे हवे असेल तर दूरचे जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लागते. ती नसेल तर सूर्याचा हट्ट सोडून एकामागून एक फिकट होत जाणाऱ्या डोंगररांगांना चौकटीत मानाचे स्थान द्यावे. माझ्या मते मुंबई पॉइंटचे खरे वैभव त्या रांगाच आहेत.

पांढरेपणाचे कारण वेगळे असते. अंधारलेला डोंगर उजळ दाखवण्याच्या नादात मोबाइल आकाश करपवून टाकतो. सूर्याशेजारच्या आकाशावर बोट दाबून धरावे, फोकस आणि एक्स्पोजर लॉक झाले की उजेडाची खूण खाली ओढावी. नारिंगी रंग तत्काळ परततो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे छायाचित्राची रंगछटा ठरवणारी सेटिंग, आपोआप ठरत असेल तर कॅमेरा त्या नारिंगी छटेलाच दोष समजून ती पुसतो, म्हणून तो ‘डेलाइट’ किंवा ‘क्लाउडी’वर ठेवावा.

चौकटीत हिरवट ठिपका किंवा धुरकट पट्टा दिसत असेल, तर आधी लेन्स पुसावी. लिंबू-मीठ-तिखट चोळलेले कणीस खाऊन त्याच हाताने मोबाइल काढला, की लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा उमटतो आणि सूर्याचा प्रकाश त्यावर फाकतो. पुसूनही ठिपका राहिलाच तर कोन किंचित बदलावा किंवा सूर्य एखाद्या फांदीआड अर्धा लपवावा.

मोठ्या लेन्सच्या डीएसएलआर कॅमेऱ्याला डोळा लावून तळपता सूर्य पाहणे मात्र नेत्रपटलाला कायमची इजा करू शकते. तेथे मागचा पडदाच वापरावा.

सूर्य टेकताच पाठ फिरवणे

बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत अवघी सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. त्यानंतरचा उजेडाचा संधिप्रकाश मात्र २२ ते २४ मिनिटे टिकतो आणि वरच्या विरळ ढगांना खालून रंग चढतो तो याच वेळात. एका डिसेंबरात मीही गर्दीबरोबर घाईने गाडीत जाऊन बसलो होतो. गाड्यांच्या रांगेत अडकलेलो असताना सहज आरशात नजर गेली, तर मागे अख्खे आकाश जांभळ्या-लाल रंगाने पेटलेले. उतरायला जागा नव्हती आणि कॅमेरा डिकीत होता. या वेळात शटर मंद होतो, त्यामुळे तिपाई हवी. ती नसेल तर कठड्यावर मोबाइल टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

हंगाम न पाहता येणे

जून ते सप्टेंबर येथे बहुतेक वेळा समोर धुक्याची भिंतच असते. मार्च-एप्रिलमध्ये कोकणातील राब-भाजणीचा, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा, आणि वणव्यांचा धूर दरीत साचतो आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच त्यात विरघळून जातो. अशा दिवशी बिंब बऱ्याच वर असतानाच टिपून घ्यावे. पाऊस ओसरल्यावरचे ऑक्टोबरातले दिवस सर्वांत चांगले, कारण हवा धुतलेली असते आणि आकाशात थोडे ढगही असतात. अगदी निरभ्र आकाश हवे हा गैरसमजच आहे. ढगच नसतील तर रंग चढणार कशावर?

कड्याबाबत तडजोड करू नये. येथील माथ्यावरचा जांभा ठिसूळ आहे, त्यावरची बारीक खडी आणि वाळके गवत बुटाखालून सहज निसटते. एका सेल्फीसाठी कठडा ओलांडणे हा निव्वळ वेडेपणा आहे. खाण्याच्या पिशव्या बंद ठेवाव्यात, माकडे हातातूनही ओढून नेतात.

टॅक्सीने जाणार असाल तर सूर्य बुडाल्यानंतर अर्ध्या तासाने परतणार हे चालकाला निघतानाच सांगावे आणि थांबण्याचे पैसे तेव्हाच ठरवावेत, नाहीतर रंग ऐन भरात असताना खालून हॉर्न सुरू होतो. परतीच्या वाटेसाठी खिशात टॉर्च ठेवावा, कारण छायाचित्रे काढून मोबाइलची बॅटरी तोवर संपत आलेली असते.