वाहन कंपनीत वरपर्यंत जायचंय? आधी कुठे काम करावं

सुरुवातीलाच प्लॅनिंगच्या ऑफिसात जागा मिळत असली तरी पहिली दोन-तीन वर्षं शॉपफ्लोअर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाची जागा, मागून घ्या. पुढे ज्या आकड्यांवर सह्या कराल, ते आकडे तिथेच तयार होतात.

आधी टॅक्ट टाइम समजून घ्या, म्हणजे मागणी पुरी करायला दर किती वेळाने एक गाडी निघायला हवी ते. 480 मिनिटांच्या शिफ्टमधून जेवण, चहा, मीटिंगची 40 मिनिटं गेली की 26,400 सेकंद उरतात. 400 गाड्या हव्या असतील तर दर 66 सेकंदांना एक गाडी निघाली पाहिजे. एकच स्टेशन 70 सेकंद घेत असेल, तर बाकी लाइन कितीही चपळ असो, शिफ्टला 377च निघतात. स्टॉपवॉच घेऊन त्या स्टेशनपाशी उभे राहा, निदान 20 सायकल (एका गाडीवरचं काम सुरू होऊन संपेपर्यंतची एक फेरी) मोजा आणि सरासरीबरोबर सगळ्यात लांबलेली सायकलही टिपून ठेवा. कामगार हळू आहे असं लगेच ठरवू नका. बोल्ट घ्यायला मागे वळणं, नीट न बसणारा पार्ट ठोकून बसवणं, यातच बरेचदा वेळ जातो.

मग ओईई, म्हणजे मशीन किंवा लाइन तिच्या क्षमतेच्या किती टक्के खरं काम देते तो आकडा. उपलब्धता 90, वेग 95 आणि गुणवत्ता 99 टक्के असेल तर गुणाकार 84.6 टक्के येतो. यात एक पळवाट असते: आदर्श सायकल टाइम सैल धरला की वेगाचा आकडा आपोआप फुगतो. म्हणून रिपोर्ट वाचण्याआधी तो टाइम कशावरून धरलाय ते विचारा.

त्यानंतर क्वालिटी आणि पर्चेस. पर्चेसमध्ये पार्टची किंमत फोडायला शिका: कच्चा माल, मशीनचे तास, स्क्रॅप, साचा, वाहतूक, नफा. साच्याचा खर्च 3 लाख नगांवर वाटला आणि गाडी दीडच लाख खपली, तर नगामागचा तो बोजा दुप्पट होतो. सप्लायरला नुसतं ‘पाच टक्के कमी करा’ म्हणणाऱ्याला हे दिसत नाही, आणि मग कपात गुणवत्तेतून होते.

खरी कसोटी नव्या मॉडेलच्या लाँचची. पीपीएपीसाठी, म्हणजे सप्लायरचा पार्ट उत्पादनासाठी मंजूर करण्याच्या प्रक्रियेसाठी, एरवी सलग किमान 300 नग खऱ्या साच्यावर, खऱ्या वेगात काढायचे असतात. निवडक ऑपरेटर लावून, सावकाश काढलेले नमुने पास होतात आणि उत्पादन वाढवताच लाइन अडकते. ट्रायलला स्वतः हजर राहा.

मेरी बारा 1980 मध्ये जनरल मोटर्समध्ये बॉडी पॅनल तपासण्याच्या कामावर लागल्या. पुढे प्लँट मॅनेजर, एचआर, प्रॉडक्ट डेव्हलपमेंट असं करत 2014 मध्ये सीईओ झाल्या. विभागांची ही अदलाबदल फार मोलाची, पण घाईची नको. वर्षभरात बदली झाली की आपल्या निर्णयाचे वॉरंटी क्लेम दुसऱ्याच्या टेबलावर येतात आणि आपण काहीच शिकत नाही.

बदली मागताना तीन आकडे सोबत न्या: काम हाती घेतलं तेव्हाचा, सुधारणेनंतरचा आणि त्यानंतर सहा महिन्यांनीचा. तिसरा हातात नसेल तर अजून थांबा.