अस्वल घराकडे फिरकू नये म्हणून

वस्तीत शिरणारे अस्वल बहुधा माणसाच्या नव्हे, तर अन्नाच्या वासामागे आलेले असते. त्यामुळे कचऱ्याचा डबा आदल्या रात्री दाराबाहेर न ठेवता गाडी येण्याच्या दिवशी सकाळीच बाहेर काढावा आणि मासे-मटणाचे उरलेसुरले तुकडे तोवर फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावेत. पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे निरुपद्रवी वाटतात खरे, पण हिवाळ्यापूर्वी दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत खाऊ शकणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाला सूर्यफुलाच्या बियांनी भरलेले ते भांडे म्हणजे आयती मेजवानीच. अंगणातल्या शेगडीच्या जाळीवरची चरबी खरवडून काढावी. मोटारीचे दार, आत खाऊचे रिकामे वेष्टन असले तरी, लॉक करावे; बाहेर ओढून उघडणारे दार अस्वल पंजा अडकवून सहज उघडते.