बटाटे तळा, पण त्यांना तेल पिऊ देऊ नका

१०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ कॅलरी असतात आणि चरबी जवळजवळ नसतेच. तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या कापांत ३०० च्या आसपास, वेफर्समध्ये तर ५०० च्या वर. बटाट्यातलं पाणी उडालं आणि तेल आत शिरलं, एवढाच फरक. म्हणून ‘बटाटा बंद करा’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तेल किती शिरलं ते विचारते.

हिरवट बटाटे घेऊ नका, त्यातलं सोलानिन हे विष तळल्याने जात नाही. बाकीचे बोटाएवढे जाड चिरा. अर्धा तास पाण्यात ठेवा, ते पाणी ओता आणि काप फडक्यावर अगदी कोरडे करा.

तेल १७० अंश सेल्सिअसच्या आसपास हवं. ‘मंद आचेवर तळलं की तेल कमी लागतं’ हे साफ चूक आहे. काप पडताक्षणी जोरात बुडबुडे आले पाहिजेत. बाहेर पडणारी ती वाफच तेलाला आत येऊ देत नाही. कढई गच्च भरली की तेल गार पडतं, वाफ मंदावते आणि काप लिबलिबीत होतात. म्हणून थोडे थोडेच सोडा.

मात्र खरी मेख पुढे आहे, आणि मलाही ती फार उशिरा कळली. बरंचसं तेल काप बाहेर काढल्यावर आत शिरतं. गार होताना आतली वाफ आकसते आणि बाहेर चिकटलेलं तेल ओढून घेते. तेव्हा झारा कढईवरच नीट झटका, काप लगेच कागदावर एका थरात पसरा आणि वरूनही टिपा. ताटात ढीग करून सावकाश टिपत बसण्यात काही अर्थ नाही, तोवर तेल आत गेलेलं असतं.

रंग सोनेरी झाला की थांबा. खरपूस तपकिरी कापांचं कौतुक मला मुळीच पटत नाही. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर तापले की त्यातली साखर आणि अ‍ॅस्पॅराजिन हे अमिनो आम्ल यांच्यापासून अ‍ॅक्रिलामाइड नावाचं रसायन बनतं. रंग गडद तितकं ते जास्त. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये हे उजेडात आणलं. माणसांत त्याने कर्करोग होतो असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण प्राण्यांवरच्या प्रयोगांत झाला आहे. पाण्यात भिजवायचं तेही यासाठीच: वरची साखर धुऊन जाते.

मीठ शेवटी, बेताने. धुरकट किंवा दाट झालेलं तेल पुन्हा तळणीला घेऊ नका.