भिंतीला स्क्रू मारण्याआधी

न्यू जर्सीत नवीन बिऱ्हाड थाटणाऱ्यांचा पहिल्या आठवड्यातच फोन येतो, "दादा, देव्हारा कुठं लावू?" मी विचारतो, भिंत ठोकून बघितलीत का?

पुण्यात आपली आतली भिंत म्हणजे चार किंवा सहा इंची विटेची, वर गिलावा. ड्रिल मारलं, गट्टी घातली, झालं. इथं खोल्यांमधली भिंत म्हणजे लाकडाचे उभे दांडे आणि त्यांच्या दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचे जिप्समचे बोर्ड. दांड्याला स्टड म्हणतात, बोर्डाला ड्रायवॉल किंवा शीटरॉक. मधे पोकळी. स्टडला 'टू बाय फोर' म्हणतात, पण मोजलंत तर तो दीड बाय साडेतीन इंच भरतो. याचा खुलासा मी कुणाकडे मागायचा सोडला.

२००४ साली आम्ही देव्हारा थेट बोर्डात स्क्रू मारून लावला होता. पहाटे तीनला धाडकन आवाज! गणपती वाचले, समईचं तेल कार्पेटवर, आणि भिंतीला मुठीएवढं भोक. घर सोडताना मालकानं डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापले ते वेगळेच.

तर आधी स्टड शोधा. बोटाच्या सांध्यानं ठोकत जा, पोकळ 'ढब' येता येता एके ठिकाणी 'ठक्' येईल. खात्रीसाठी फ्रिजवरचं चुंबक भिंतीवर सरकवा, बोर्डाच्या स्क्रूवर ते अडकतं. तसे दोन-तीन स्क्रू एकाखाली एक सापडले की तोच स्टड. पुढचा बहुधा मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंचांवर, कधी २४. देव्हारा, टीव्ही, पुस्तकांची मांडणी स्टडमध्येच. हलकी फोटोफ्रेम बोर्डावर चालते. स्टड नसेल तिथं टॉगल बोल्ट (बोर्डामागच्या पोकळीत पंख उघडून धरणारा बोल्ट) घ्या, प्लास्टिकच्या गट्टीवर वजन टाकू नका. उंच इमारतींत स्टड पत्र्याचे असतात, लाकडाचा स्क्रू त्यात धरत नाही.

स्विच किंवा प्लगच्या सरळ वर-खाली भोक नको, वायर बहुतेक तिथूनच गेलेली असते. ड्रिलला मधेच लोखंडी पत्रा लागला तर हात आवरा. तो मागच्या वायरीला किंवा पाइपाला जपायला ठोकलेला असतो.

आवाजाची सवय व्हायला वेळ लागतो. आतल्या भिंतींत बहुधा काही भरलेलं नसतं, त्यामुळे सकाळी मिक्सर लावला की शेजारच्या खोलीतलं बाळ उठतं. शेजाऱ्याच्या घराला लागलेली भिंत मात्र जाड आणि आगीला टिकणारी असते. जिप्समच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं, आगीत त्याची वाफ होते आणि भिंत काही काळ तग धरते. त्या भिंतीला मोठी भोकं पाडू नका.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर जुना रंग स्वतः घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

आणि घर सोडण्याआधी खिळ्यांची भोकं स्पॅकलनं, म्हणजे भिंतीत भरायच्या लुकणानं, बुजवून, घासून, रंगवून घ्या. रंग जुळवायला दारामागच्या कोपऱ्यातून रुपयाएवढा पोपडा ब्लेडनं काढून दुकानात न्या, तिथं मशीनवर तोच रंग करून देतात.