कोल्हापुरात घर बांधताय? आधी पश्चिमेची भिंत बघा

घर बांधायचं ठरलं की आधी एलिव्हेशनचे, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचे फोटो बघायला सुरुवात होते, पण मी म्हणतो एकदा मे महिन्यात दुपारी चारला आणि एकदा जुलैच्या पावसात प्लॉटवर जाऊन उभं राहा, कारण आपल्याकडं भाजणारं ऊन पण पश्चिमेकडनं येतं आणि पावसाची झड पण तिकडनंच.

आमच्या जुन्या घरात त्या बाजूला बेडरूम होती. उन्हाळ्यात भिंत रात्री अकरापर्यंत गरम, पावसाळ्यात कपाटामागं काळी बुरशी, आणि आईचा खोकला काय थांबायचा नाही. नवीन घरात तिकडं जिना, बाथरूम, स्टोअर टाकलं, बेडरूम पूर्वेला नेली. बाथरूमला खिडकी मात्र मोठी ठेवा, नाहीतर ओल आतच राहते.

ती भिंत रॅट ट्रॅप पद्धतीनं बांधता येते, म्हणजे विटा उभ्या लावून मधी पोकळी ठेवायची, केरळात वास्तुकार लॉरी बेकर यांनी ही पद्धत रुजवली. विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळं ऊन आत यायला वेळ लागतो. फक्त गवंड्याला आधी चार फूट भिंत बांधून दाखवायला सांगा, आणि लाईटच्या पाइपा कुठनं जाणार ते आधीच ठरवा. जोत्यावर डीपीसीचा थर चुकवू नका, जमिनीतली ओल तिथंच अडते. जुनं दगड-मातीचं घर असेल तर त्याला सिमेंटचं प्लास्टर नको, ओल आत कोंडते, चुन्याचंच करा. आतला रंग कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेला घ्या, आणि रंग झाल्यावर थोडे दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच राहायला जा.

हे सगळं करायच्या आधी प्लॉट पूररेषेत आहे का ते नकाशावर बघा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोका पातळी, २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेलेली. पूररेषेत भर टाकून घर उंच केलं तर ते पाणी शेजाऱ्याच्या घरात जातंय, हे मला अजिबात पटत नाही.

अंगणात सगळीकडं पेव्हर ब्लॉक बसवू नका, पाणी मुरायला माती पाहिजे. १००० चौरस फूट छतावर १००० मिमी पाऊस पडला की ९० हजार लिटरच्या वर पाणी होतं, पहिल्या पावसाचं सोडून द्या आणि बाकीचं गाळून टाकीत घ्या.

पश्चिमेला झाड लावाच. बहावा दिसतो भारी पण नेमकी उन्हाळ्यातच पानं गाळतो, म्हणून सावलीसाठी बकुळ लावा, ती बारा महिने हिरवी. उंबर पाखरांसाठी एक नंबर, पण त्याची मुळं पाया आणि पाइपलाइन गाठतात, तेव्हा तो कुंपणाच्या लांबच्या कोपऱ्यात.