चेंबरखाली जाळ करू नका: थंडीच्या पहाटे ट्रॅक्टर सुरू करताना

मार्गशीर्ष लागला की निफाड-दिंडोरी पट्ट्यातून पहाटे पाचपासून माझा फोन वाजायला लागतो. "सेल्फ मारतोय, पण इंजिन धरत नाही." ब्लोअरच्या टाकीत औषध कालवून ठेवलेलं असतं, वारा सुटायच्या आत फवारणी उरकायची असते. कुणाची कांद्याची ट्रॉली रात्रीच भरलेली असते, लासलगावला लिलावासाठी लवकर नंबर लावायचा असतो. आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर शेडमधून हलत नाही.

आपली थंडी म्हणजे काही लडाख नव्हे, हे खरं. पण डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडला पारा २ अंशांच्या खाली गेला होता आणि द्राक्षाच्या पानांवरचं दव गोठलं होतं. त्याच थंडीत एका वस्तीवर पोचलो, तर शेडभर रबर जळाल्याचा वास. इंजिन तापावं म्हणून इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑईल चेंबरखाली छाटणीच्या काड्या पेटवल्या होत्या. चेंबरवर वर्षानुवर्षं ओघळून थिजलेल्या ऑईलने आणि धुळीने पेट घेतला. डिझेलचा रिटर्न पाईप वितळला, सेल्फची वायर जळाली. माती टाकून विझवलं म्हणून शेजारचा कडबा वाचला. त्या दादांच्या दोन्ही हातांना फोड आले होते. नंतर पाहिलं तर मूळ दोष वेगळाच निघाला: बॅटरीची अर्थिंगची वायर चेसीला जिथे आवळलेली असते, तिथे बोल्टखाली गंज चढला होता. पाच मिनिटांचं पॉलिश पेपरचं काम होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच क्रम सांगतो. आधी बॅटरी, मग ऑईल, मग डिझेल. तिन्ही ठीक असूनही पहाटेची अडचण राहिली तर कुलंट हीटर, म्हणजे इंजिनात फिरणारं पाणी (कुलंट) विजेने तापवणारा हीटर. आणि जाळ कधीच नाही.

इंजिन गारठतं म्हणजे काय होतं

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा सोळा-अठरा पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि नोझलने मारलेलं डिझेल त्यात आपोआप पेटतं. रात्रभर गार पडलेलं इंजिनाचं बीड (ओतीव लोखंड) ही उष्णता शोषून घेतं. शिवाय ऑईल घट्ट आणि बॅटरी कमजोर, त्यामुळे इंजिन हळू फिरतं. हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांच्या कडेने निसटून जाते आणि तापमान पेट घेण्याइतकं चढतच नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन धरत नाही, तेव्हा बहुधा हेच घडत असतं. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

२७ अंशांना पूर्ण जोर देणारी बॅटरी ० अंशांना जेमतेम दोन-तृतीयांश जोर देते. म्हणून दिवाळीत बिनतक्रार चालणारी बॅटरी डिसेंबरात अचानक मेल्यासारखी वाटते. साधा मल्टिमीटर घरात ठेवा. सकाळी सेल्फ मारण्याआधी १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना काटा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी तरी गेली, नाहीतर सेल्फच जास्त ओढतोय. बॅटरीवर व्होल्ट चांगले आणि तरी सेल्फ मंद, म्हणजे वायरीत किंवा टर्मिनलमध्ये दोष. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, पुसून कोरडी करून व्हॅसलीन लावा. अर्थिंगची वायर दोन्ही टोकांना उघडून घासा. हे काम दिवाळीनंतरच्या पहिल्या निवांत दुपारी करायचं, पहाटे टॉर्चच्या उजेडात नव्हे.

सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. क्लच पूर्ण दाबून ठेवा. म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल ढवळण्यात सेल्फचा जोर वाया जात नाही. एवढ्या एका सवयीने माझे निम्मे फोन कमी होतील.

ऑईल आणि डिझेल

ऑईलच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल थंडीत पातळ राहतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० चालतं असं असेल तर थंडीच्या तोंडावर ऑईल बदलताना तेच घाला. मॅन्युअलमध्ये नसेल तर मनाने बदलू नका.

डिझेलबाबत मात्र आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. इथे थंडीत डिझेल गोठत नाही, असं सगळे धरून चालतात. डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत त्याचे बारीक कण धरतात आणि फिल्टर चोंदतो. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून किती तापमानापर्यंत जाऊ शकलं पाहिजे, याची मर्यादा हिवाळ्यासाठी ६ अंश आणि उन्हाळ्यासाठी १८ अंश आहे. प्रत्यक्षात डिझेल बऱ्याचदा या मर्यादेपेक्षा चांगलं असतं. पण मे महिन्यात भरून ठेवलेला ड्रम जानेवारीत ४ अंशांच्या पहाटे वापरला, तर फिल्टरने दगा दिल्याचं नवल नाही. त्याची खूण अशी की ट्रॅक्टर सुरू होतो, मिनिटभर चालतो आणि रेस दिली की दम टाकून बंद पडतो. जुनं डिझेल पावसाळ्यातच संपवा आणि थंडीत लागेल तेवढंच ताजं आणा. लडाखसाठी इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल काढलं, तसलं काही आपल्याला लागत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका. पंपाला आणि नोझलला डिझेलचंच वंगण असतं, ते रॉकेलने पातळ होतं.

संध्याकाळी टाकी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्री पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि ते तळाला साचतं. फिल्टरच्या कपातलं पाणी आठवड्यातून एकदा सोडा.

बागेतल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांना, विशेषतः जपानी घडणीच्या छोट्या इंजिनांना, सुरू करण्याआधी आतली हवा तापवणारे हीटर प्लग असतात. किल्ली हीटरच्या खुणेवर धरा, दिवा विझेपर्यंत किंवा मॅन्युअलमध्ये सांगितले तितके सेकंद थांबा आणि मगच सेल्फ मारा. असल्या इंजिनाच्या एअर क्लीनरमध्ये स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर पडलं की पिस्टन वर यायच्या आतच भडका होतो. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, मॅनिफोल्ड उडून माणसाला लागू शकतं.

कुलंट हीटर कुणी बसवावा

जिथे उणे वीस-तीस अंशांची थंडी पडते, तिथे रात्री ट्रॅक्टर आणि गाड्या विजेच्या पिनला लावून ठेवणं ही रोजची रीत आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनात बसणाऱ्या अशा हीटरचं पेटंट १९४९ मध्ये मिळवलं. ते स्वतः ग्रामीण वीज सहकारी संस्थांचं काम पाहत. शेतकऱ्याच्या अंगणात वीज पोचली, तेव्हा ती इंजिनापर्यंतही न्यावी हे त्यांना सुचलं.

आपल्याकडे सरसकट प्रत्येक ट्रॅक्टरला हीटर लागत नाही. ज्यांना डिसेंबर-जानेवारीत रोज सूर्य उगवायच्या आत ट्रॅक्टर लागतो, इंजिन जुनं आहे, कॉम्प्रेशन थोडं उतरलंय पण बोअरचं काम यंदा परवडत नाही, त्यांना याचा खरा उपयोग आहे. गार इंजिन सुरू होताना सिलिंडरची जी घासण होते, तीही कमी होते. पण हीटर बॅटरी तापवत नाही आणि चेंबरमधल्या ऑईललाही थोडीच ऊब देतो. म्हणून वरची तीन कामं टाळून फक्त हीटर बसवणाऱ्याचे पैसे वाया जातात.

मुख्य प्रकार दोन. एक ब्लॉकच्या बाजूच्या कोअर प्लगच्या (भोक बंद करणाऱ्या पत्र्याच्या गोल झाकणाच्या) जागी बसतो. याची कांडी थेट कुलंटमध्ये असते आणि मापाचा मिळाला तर हा उत्तम. दुसरा टाकीसारखा असतो. तो बाहेर बसवून दोन होस पाईपांनी इंजिनाला जोडतात. पंप नसलेल्या टाकी हीटरमध्ये गरम झालेलं कुलंट आपसूक वर चढतं आणि गार खाली येतं. आपल्या ट्रॅक्टरांना कोअर प्लगच्या मापाचा हीटर सहज मिळत नाही, म्हणून मी बहुधा टाकीचाच बसवतो.

किती वॅटचा? साधारण ४५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं बीड आणि आठ-दहा लिटर कुलंट ३० अंशांनी तापवायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते, वर हवेत जाणारी उष्णता वेगळी. म्हणजे १००० वॅटचा हीटर दीड-दोन तास पुरतो. रात्रभर लावायची गरज नाही. पण वस्तीवर व्होल्टेज १८० पर्यंत पडत असेल, तर तोच हीटर जेमतेम ६०० वॅट देतो. तिथे तीन तास धरा.

ऑनलाईन मागवताना व्होल्टेज वाचून घ्या. परदेशी हीटर बरेचदा १२० व्होल्टचे असतात. असा हीटर आपल्या २३० च्या लाईनला लावला तर जवळपास पावणेचारपट वॅट ओढतो आणि जळतो.

बसवताना

इंजिन पूर्ण गार असू द्या. रेडिएटरचा आणि ब्लॉकचा, दोन्ही कॉक उघडून जुनं पाणी काढा. बहुतेक ट्रॅक्टरांत तांबूस गाळ निघतो. बोअरचं क्षाराचं पाणी वर्षानुवर्षं घातल्याची ती निशाणी. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा, कारण हेच क्षार हीटरच्या कांडीवर खडूसारखे चढतात आणि कांडी आतल्या आत तापून फुटते. हीटर बसवल्यावर नुसतं पाणी चालणार नाही. चांगलं कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. काढलेलं कुलंट उघड्यावर ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि कुत्रं, वासरू चाटतं. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

टाकी हीटर ब्लॉकच्या ड्रेनपेक्षा खाली बसला पाहिजे. ड्रेनच्या जागेतून कुलंट हीटरच्या आत जाईल आणि बाहेर पडणारा पाईप हेडजवळच्या वरच्या तोंडाला जाईल. हीटरवर बाण असतो, तो पाहून लावा. वर जाणारा पाईप सलग चढता ठेवा. मध्ये कुठे उंटासारखा वळसा आला तर तिथे हवा अडकते आणि कुलंट फिरत नाही. पाईप उष्णतेला टिकणारा हवा, पाण्याच्या मोटारीचा नळीचा तुकडा चालत नाही. हीटर इंजिनाच्या थरथरीने सैल होणार नाही अशा पट्टीवर घट्ट बसवा. पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरपासून पाईप आणि वायर लांब. कोणतं तोंड वापरायचं हे मेकॅनिकला विचारल्याशिवाय ठरवू नका, आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर आधी डीलरला विचारा.

मग कुलंट भरा, इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडून रेडिएटरचा वरचा पाईप गरम होऊ द्या. गार झाल्यावर पातळी पाहून पुन्हा भरा. हवा निघेपर्यंत हीटरची पिन लावायची नाही. कोरडा हीटर मिनिटभरात जळतो. पहिल्यांदा लावल्यावर वीस मिनिटांनी वरचा पाईप हाताला कोमट लागला पाहिजे. हीटर तापलेला आणि वरचा पाईप गार, म्हणजे हवा अडकली किंवा पाईप उलटे लागले.

विजेच्या बाबतीत काटकसर करू नका. ट्रॅक्टर म्हणजे लोखंड आणि तुम्ही ओल्या मातीवर उभे. तीन पिनांचा प्लग, खरोखर जमिनीत उतरलेलं अर्थिंग, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागली की लाईन तोडणारा स्विच. वायर दीड चौरस मिलिमीटरची, लांब अंतर असेल तर अडीचची. शेतपंपाच्या फीडरला रात्री कधी वीज असते, कधी नसते. म्हणून जमेल तर घरगुती लाईनवरून घ्या. टायमर लावायचा तर बॅटरी बॅकअपवाला घ्या. साधा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि पाचची वेळ सातवर जाते.

वायर स्टेअरिंगवरून फिरवून मग पिन लावा. सीटवर बसणाऱ्याच्या हाताला वायर लागली की ती काढल्याशिवाय गाडी निघत नाही. पिन विसरून निघालेल्या ट्रॅक्टरने बोर्डासकट भिंतीचा तुकडा ओढून नेलेला मी पाहिला आहे.

फेब्रुवारीत थंडी ओसरली की वायर सोडवून घरात ठेवा. शेडमध्ये राहिली तर उंदीर इन्सुलेशन कुरतडतात. हीटरच्या तोंडाला टोपी किंवा प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधा, फवारणीचं पाणी आणि गंधक आत जाता कामा नये. पुढच्या कार्तिकात पुन्हा जोडण्याआधी क्लिपा आवळा, कुलंटची पातळी पाहा आणि वायर पूर्ण लांबीभर हाताने चाचपून घ्या.