कारखान्यातून व्यवसायाकडे वळताना: बेळगावच्या तरुण अभियंत्यांसाठी

उद्यमबाग किंवा मच्छे येथील फाउंड्रीत वा मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या अभियंत्याने एकदम स्वतःचा कारखाना काढू नये. आधी खरेदी, दरपत्रके आणि विक्री या विभागांत मुद्दाम बदली मागून घ्यावी, कारण सुट्या भागाची किंमत कच्चा माल, यंत्राचे तास, नाकारला जाणारा माल आणि उधारी यांतून कशी ठरते, हे तिथेच कळते. व्यवस्थापनाची पदवी त्यानंतर घेतली तर माझ्या मते ती अधिक उपयोगी पडते.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडील नोंदणी, ऑनलाइन व विनामूल्य होते. ती सुरुवातीलाच करावी, कारण 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत देणे ग्राहकावर बंधनकारक आहे.

सीमाभागात जीएसटीबाबत विशेष दक्षता हवी. राज्यातच माल विकणाऱ्या लहान उत्पादकाला ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट असते. परंतु कोल्हापूरच्या किंवा अगदी सीमेलगतच्या, पण महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या ग्राहकाला करपात्र माल विकला, तर तो आंतरराज्य पुरवठा ठरतो आणि उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी करावीच लागते.

मराठी शाळेतून आलेल्यांनी कार्यालयीन कन्नड वाचण्याचा सराव याच काळात करावा. परवान्यांची कागदपत्रे स्वतः वाचता आली पाहिजेत.